फुटामागे एक सूत

बादशहा मिस्त्रीनं चाळीस वर्षं उद्यमनगरच्या एका फौंड्रीत पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. पंपाची बॉडी असो की ट्रॅक्टरचं हाउसिंग, वस्तू आधी बादशहाच्या हातून लाकडात व्हायची, मग केरबाच्या हातून लोखंडात. केरबा तिथला मोल्डर, वाळूचे साचे करणारा. तीस वर्षं दोघांचं काम एका भिंतीच्या दोन बाजूंना चाललं.

पॅटर्न तयार झाला की त्याला रंग देतात. तो शोभेचा नसतो. ओतीव वस्तू जिथं आहे तशीच राहणार तिथं काळा. जिथं पुढं लेथवर तासली जाणार तिथं लाल. जिथं आत पोकळीसाठी कोर, म्हणजे वाळूचा गाभा, बसवायचा तिथं पिवळा. मिस्त्रीनं सांगायचं नाही, मोल्डरनं विचारायचं नाही. रंग बघायचा आणि कामाला लागायचं. बादशहाचा रंग कळला नाही म्हणून केरबानं तीस वर्षांत एकदाही हाक मारली नाही.

साठाव्या वर्षी फौंड्रीनं शाल दिली, हार घातला, फोटो काढला. पुढचे सहा महिने बादशहा यादवनगरच्या आपल्या दोन खोल्यांत नुसता बसून राहिला. हातांना ती सवय नव्हती. एके दिवशी त्यानं माळ्यावरची देवदाराची फळी खाली घेतली, रंध्यानं साफ केली आणि तिला काळा, लाल, पिवळा दिला. फळी कशाचाच नमुना नव्हती.

बायको शमशाद कणीक मळता मळता थांबली. "हे कशाचं?"

"कशाचंच न्हाय."

"मग रंगवलं कशाला?"

दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरी फळी घेतली.

कोल्हापूरच्या माणसाला चित्र म्हणजे हुबेहूब लागतं. पैलवानाच्या मांडीचा स्नायू, लुगड्याची चुणी, बैलाच्या डोळ्यातलं पाणी. गल्लीतले लोक यायचे, कमरेवर हात ठेवून फळ्या बघायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, अस्तर झ्याक दिलंय. चित्र कवा काढणार?" बादशहा हसायचा नाही आणि चिडायचाही नाही. रंगाला दुसरा हात द्यायची वेळ झालेली असायची.

लेक सबिना फ्लेक्स छापायच्या दुकानात कॉम्प्युटरवर डिझाइन करायची. वाढदिवसाच्या फलकावर वीस-वीस माणसांचे चेहरे नीट बसवण्यात तिचा हात धरणारं पेठेत कुणी नव्हतं. तिनं बापाच्या फळ्यांचे फोटो फोनवर टाकायला सुरुवात केली. कुठल्या कुठल्या गावांतली अनोळखी माणसं त्याखाली लिहायला लागली. त्यांनीच शब्द दिला, अमूर्त. बादशहानं तो दोनदा म्हणून बघितला आणि सोडून दिला.

मग त्यानं मोठं काम धरलं. बारा पाट्या, प्रत्येक दोन फूट रुंद आणि चार फूट उंच. बारा मिळून एकच चित्र. पहिल्या पाटीच्या खालच्या कोपऱ्यातून एक काळी रेघ निघते आणि बाराव्या पाटीच्या माथ्याशी पोचते. वाटेत लाल तिला अडवतो, पिवळा वाट देतो. दोन वर्षं लागली. खोली दहा फुटांची, त्यातच दार आणि कपाट. एका वेळी तीनच पाट्या भिंतीला लागायच्या, चौथी काढली की पहिली पलंगाखाली जायची. बारा पाट्या एकत्र अशा बादशहानं स्वतः कधीच बघितल्या नव्हत्या.

सबिनानं एकेक फोटो काढून कॉम्प्युटरवर जोडले. जोडलेलं चित्र फोनवर बोटभर रुंदीची पट्टी होऊन दिसायचं. ते चाळीस हजार लोकांनी बघितलं.

"अब्बा, चाळीस हजार!" ती म्हणाली.

"त्यांनी बघितलं. मी कुठं बघितलं?" बादशहा म्हणाला.

प्रदर्शनाची गोष्ट इथून निघाली. त्याला एवढंच हवं होतं, की बारा पाट्या एका भिंतीवर लागाव्यात आणि एका जागी उभं राहून एकदा चित्र डोळ्यांखालून जावं. शहरातलं एक कलादालन पाच दिवसांसाठी मिळालं, बुधवार ते रविवार. त्यानंतरची मोकळी तारीख दीड वर्षानं होती. बादशहा सहासष्ट वर्षांचा होता आणि त्याचा उजवा खांदा आताच कुरकुरायला लागला होता. दीड वर्षाचा भरवसा त्यानं धरला नाही.

दालनात लांब भिंत एकच. तिच्या दोन्ही टोकांना भिंतीतून वीतभर पुढं आलेले खांब. सबिना टेप घेऊन गेली आणि खांबापासून खांबापर्यंत मोजून आली. चोवीस फूट एक इंच.

"पाटी दोन फुटाचीच हाय नव्हं, अब्बा? नक्की?"

"दोन फूट म्हंजे दोन फूट. चाळीस वर्षांत माझ्या मापाला कुणी बोट दाखवलं न्हाय."

तिनं कॉम्प्युटरवर सगळं दालन उभं केलं. बारा पाट्या भिंतीवर बसवल्या. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच मोकळा राहिला. बाकीच्या भिंतींवर लहान फळ्या लावल्या. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता उद्घाटन, त्याच वेळी फोनवरून थेट दाखवणार, असं जाहीर करून टाकलं.

बुधवारी सकाळी आठला टेम्पो आला. केरबा हात द्यायला आला होता. पहिली पाटी डाव्या खांबापासून अर्धा इंच सोडून लावली. मग एकीला एक चिकटवत पुढं. केरबा प्रत्येक पाटी उचलायच्या आधी जरा लांब धरून वाचायचा.

"मिस्त्री, ह्या तिसरीत कोर उभा बसणार. कास्टिंग जड येणार बघ."

"ओतायचं न्हाय रं त्ये."

"म्हायत हाय. तरीबी जड हाय."

बादशहाला बरं वाटलं. चाळीस हजारांत असं कुणी लिहिलं नव्हतं.

अकरा पाट्या लागल्या. दहा वाजले होते. दालनाचे व्यवस्थापक उदयसिंह, दिवे लावणारा वायरमन आणि सहज डोकावलेली कलाशाळेची दोन मुलं बघत उभी होती. बारावी पाटी उचलली, भिंतीला नेली आणि ती खांबावर आपटली. पुन्हा लावून बघितली. अडीच इंच जास्त होती. तोंडाशी येऊन घास अडकावा तशी पाटी खांबापाशी अडकली.

बादशहानं पाटी खाली ठेवली आणि सगळ्यांच्या देखत लेकीवर ओरडला. "तुझ्या त्या काम्पुटरनं घोळ केला! भिंत मोजाय गेलतीस का फोटू काढाय गेलतीस? दिवसभर माउस फिरवून माप कळत न्हाय!"

सबिनाचा चेहरा उतरला. पण ती दुकानात रोज गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणारी पोरगी. तिनं पर्समधून टेप काढली आणि भिंत पुन्हा मोजली. चोवीस फूट एक इंच. मग बारावी पाटी मोजली.

"अब्बा, ही दोन फूट दोन सूत भरालीय."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बादशहा म्हणाला, "तुझी टेप खोटी."

"नवी हाय."

"नवीच खोटी असत्यात."

त्यानं पिशवीतून आपली पोलादी पट्टी काढली. चाळीस वर्षं वापरलेली, आकडे झिजलेली. पाटीवर ठेवली. बरोबर दोन फूट. "बघ!"

सबिनानं टेप त्या पट्टीशेजारी धरली. दोन्हींचा शून्य जुळवला. दोन फुटांच्या खुणेपाशी पट्टी टेपच्या दोन सूत पुढं गेली होती.

मग केरबा भिंतीला टेकला आणि पोट धरून हसायला लागला.

"आयला, मिस्त्री! लाकूड थंड झाल्यावर आटतंय व्हय?"

लोखंड तापलेलं ओततात आणि ते थंड होताना आखडतं. फुटामागे एक सूत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात लांब असते. तिच्यावर एक फूट लिहिलेलं असतं तिथं खरं एक फूट एक सूत असतं. ओतीव वस्तू थंड झाली की माप आपोआप बरोबर येतं. बादशहानं बाराही पाट्या त्याच पट्टीनं कापल्या होत्या. घरात दुसरी पट्टी नव्हती आणि हाताला दुसरी ठाऊक नव्हती. पाटीमागे दोन सूत, बारा पाट्यांचे तीन इंच.

बादशहानं पट्टी पिशवीत ठेवली. कान तापले होते. तो उदयसिंहांकडं वळला.

"सायेब, मगाशी मी पोरीला तुमच्या म्होरं बोललो. ते चुकलं. तिचं माप बरोबर हाय. चूक माझी हाय."

मग वायरमनकडं आणि त्या दोन मुलांकडं बघून तेच पुन्हा म्हणाला. ज्यांनी ओरडणं ऐकलं होतं त्यांनी हेही ऐकायला हवं होतं. सबिना टेप गुंडाळत राहिली.

"झालं ते झालं," उदयसिंह म्हणाले. "शेवटच्या पाटीची अडीच इंच कड कापून टाका. दहा मिनिटांचं काम."

"त्या कडेलाच पिवळा हाय. अडीच इंच म्हंजे अख्खा पिवळा."

"मग अकराच लावा. बारावी नाही हे कळणार कुणाला?"

"मला."

सबिनानं गुंडाळलेली टेप पर्समध्ये टाकली. मग हळूच म्हणाली, "अब्बा, एक हाय. अख्खं चित्र माझ्याकडं जोडलेलं हाय. दुकानात मशीन मोकळी हाय आज. चोवीस फूट फ्लेक्स दोन तासात निघतंय. खांब ते खांब, सुताचा फरक येणार न्हाय. कॅनव्हासवरबी छापता येतंय. तुम्हाला एका जागी उभं राहून बघायचंय नव्हं? बघता येईल. आणि फोनवर बघणाऱ्याला काय फरक पडतोय?"

उदयसिंहांनी मान हलवली. "पोरगी शहाणी आहे. तेच करा, मिस्त्री."

बादशहानं विचार केला. पोरगी खोटं बोलत नव्हती. फ्लेक्स बसलं असतं, दिसलंही असतं. पण लाल रंगाचे चार हात दिले होते. दर हाताला आठ दिवस वाळायला सोडलं होतं आणि मधे काचपेपर मारला होता. ते सगळं कागदाच्या जाडीत कुठं जाणार होतं? केलेलं काम भिंतीशी टेकवून ठेवायचं आणि त्याचा फोटो टांगायचा, हे त्याला जमणारं नव्हतं.

"फ्लेक्स नको," तो म्हणाला. "प्रत्येक पाटीच्या दोन्ही कडांचं एकेक सूत रंध्यानं काढतो. पाटी खरी दोन फूट हुईल."

"चोवीस कडा?" केरबाचं हसू थांबलं. "तुझा खांदा?"

"खांदा माझा हाय. तू गाडी काढ."

अकरा वाजता रंधा, सुरी, लांब लाकडी पट्टी, धार लावायचा दगड आणि पाटी आवळून धरायला दोन शिकंजे घेऊन दोघं परत आले. उदयसिंहांनी भुशाच्या भीतीनं दालनात नको म्हटलं आणि मागच्या पडवीत दोन टेबलं जोडून दिली. अकरा पाट्या पुन्हा खाली उतरल्या.

काम असं होतं. नुसता रंधा मारला तर कडेचा रंग खपलीसारखा उडाला असता. म्हणून आधी रंगाच्या बाजूनं धारदार सुरीनं एक सूत आत सरळ खाच पाडायची, मगच रंधा घालायचा. खाच वाकडी गेली की पाटी गेली. बादशहानं पहिली खाच स्वतः पाडली. दुसरीच्या आधी तो खांदा चोळत थांबला.

"माझ्याकडं द्या," सबिना म्हणाली.

"माउस नव्हं हे."

"बघा तर."

तिनं लाकडी पट्टी दाबली, श्वास धरला आणि सुरी एका दमात चार फूट ओढली. बादशहानं डोळा जवळ नेऊन बघितलं. खाच केसासारखी सरळ होती.

"पुढची धर," तो म्हणाला. एवढंच.

मग लय लागली. सबिना खाच पाडायची, केरबा पाटी शिकंज्यात धरायचा, बादशहा रंधा ओढायचा. देवदाराच्या पातळ कुरळ्या सालपटांचा ढीग पायाशी वाढायला लागला. प्रत्येक कडेला मिस्त्री मापाला थांबायचा, आणि आता टेपनंच मोजायचा. तयार पाटी केरबा आणि वायरमन आत नेऊन लावायचे. रेघ सांध्यावर जुळते का ते बादशहा स्वतः जाऊन बघून यायचा. रेघेचा चढ कमी होता, त्यामुळं दोन सूत गेल्यानं पायरी पडली ती सुताच्या तिसऱ्या हिश्श्याची.

"लेथवर एवढं चालतंय," केरबा म्हणाला.

"चालतंय," बादशहानं मान्य केलं. पण पुढच्या खाचेला तो जास्त वेळ बघत राहिला.

दोन वाजता शमशादनं डबा पाठवला. बादशहानं उभ्यानंच अर्धी भाकरी खाल्ली. तीन वाजता धार बोथट झाली, ती लावण्यात पाऊण तास गेला. एकोणिसाव्या कडेला खांदा भरून आला. त्यानं रंध्याचा भार डाव्या हाताला जास्त आणि उजव्याला कमी असा धरून बघितला. वेग निम्म्यावर आला, पण कड सरळ येत होती.

सबिनानं घड्याळ बघितलं. "अब्बा, मशीन अजून मोकळी हाय. फोन करू?"

"पुढची धर."

केरबा म्हणाला, "लेका, लोखंड असतं तर आत्तापत्तूर आटलं असतं की रं."

"तोंड कमी चालव. पाटी हलालीय."

पाच वाजले. दालनात पन्नासेक माणसं जमली. भिंतीवर दहा पाट्या आणि उजव्या खांबाजवळ चार फुटांची मोकळी जागा. लोक त्या जागेकडं बघून आपापसात बोलत होते. एक जण दुसऱ्याला सांगत होता, ती जागा मुद्दाम सोडलेली असते, त्याला फार अर्थ असतो.

उदयसिंह पडवीत आले. "मिस्त्री, लोक खोळंबलेत. उद्घाटनाचा दिवा लावू या का? पाट्या मागनं लावा."

"पाट्या लागल्यावर दिवा. लोकांना म्हणावं, बसायचं असलं तर बसा. न्हायतर हितं पडवीत येऊन बघा."

सबिनाचा फोन एका खांबाला टेकवून ठेवलेला होता. त्यावर तीनशे माणसं वाट बघत होती. कुणी लिहीत होतं, कधी सुरू होणार. तिनं फोन उचलला आणि म्हणाली, "काम चालू हाय. सहा वाजतील. थांबायचं असलं तर थांबा." आणि बंद करून पर्समध्ये टाकला. तेविसावी खाच पाडायची होती, तिला दोन्ही हात लागणार होते.

दहा-बारा लोक खरंच पडवीत आले. सुरुवातीला गमतीनं बघत होते. मग जवळ सरकले. रंध्याचा आवाज तेवढा होता. एका म्हाताऱ्या सुतारानं पुढं येऊन पाटीचं दुसरं टोक न विचारता धरलं.

सहाला दहा कमी असताना चोविसावी कड झाली. बादशहानं टेप लावली. दोन फूट. हातानं कडेवरची धूळ झाडली आणि म्हणाला, "न्या."

बारावी पाटी भिंतीला लागली. खांबापाशी अर्धा इंच उरला. केरबानं त्या फटीत बोट घालून बघितलं आणि बोट वर धरून सगळ्यांना दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उदयसिंह दिव्याकडं वळले.

"जरा थांबा," बादशहा म्हणाला. "मधनं बाजूला व्हा सगळी. दोन मिंटं."

लोक दोन्ही बाजूंना सरकले. बादशहा चित्राकडं तोंड करून मागं मागं सरत गेला, पाठ समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत. डोकं न हलवता चोवीस फूट एकदम डोळ्यांत यायला तेवढं लांब जावं लागत होतं.

रेघ पहिल्या पाटीच्या तळातून निघाली आणि वर चढत गेली. दोन वर्षं त्यानं ती तीन-तीन पाट्यांत दोरी लावून ओढली होती. ती एवढ्या चढानं जाते हे त्याला अंदाजानं माहीत होतं, डोळ्यानं नव्हतं. पाचव्या पाटीपाशी लालनं तिला दाबली तेव्हा त्याची नजरही तिथंच थांबली. पुढं पिवळ्यात ती सुटली. बाराव्या पाटीपर्यंत तो गेला आणि परत पहिलीवर आला. असं तीनदा केलं. डोळे भरून आले ते त्यानं भुशाच्या हातानंच पुसले, त्यामुळं आणखी चुरचुरले.

सबिना त्याच्याशेजारी येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

मग बादशहा म्हणाला, "आठवी."

"काय झालं आठवीला?"

"लाल जास्त झालाय. सातवी आणि नववी, दोन्हींना दाबालाय. खोलीत कळत न्हवतं."

सबिनानं डोळे बारीक करून बघितलं. "व्हय," ती म्हणाली. "फोनवरबी कळलं न्हवतं."

केरबानं कपाळावर हात मारला. "आरं, अजून दिवा लागायचाय! आता तरी गप की, मिस्त्री."

दिवा लागला. सबिनानं फोन सुरू केला आणि चित्राच्या एका टोकापासून चालत दुसऱ्या टोकापर्यंत गेली, कारण एका जागी उभं राहून ते फोनात मावत नव्हतं. कलाशाळेच्या त्या दोन मुलांपैकी एक बादशहाजवळ आला आणि त्यानं विचारलं, "काका, हे करायला किती दिवस लागले?"

"अजून लागायचं हाईत," बादशहा म्हणाला. तो आठव्या पाटीसमोर जाऊन उभा होता. लालच्या कडेवर अंगठा फिरवून किती थर आहेत ते बघत होता. चारांतला एक तरी घासून काढावा लागणार होता. पाटी न उतरवता पाच दिवस लोकांना बघू द्यायची, हे त्यानं ठरवलं.

"सबिना," त्यानं हाक मारली. "रविवारी उतरवताना ही येगळी बांध. सोमवारी सकाळी घेतो."